माईक बंद झाल्यावरची बहीण

बायको गेली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरलेला. मेल्या. तोच शेवटचा, आणि तो मला उद्देशून होता. लोक विचारतात, काकू जाताना काय म्हणाल्या? मी सांगतो, काही नाही, शांत गेल्या. कुठे सगळ्यांना समजावत बसणार.

तिला अर्धांगवायूचा झटका आलेला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाणी म्हणता येईना, दुखतंय म्हणता येईना. माझं नाव तर तिने आयुष्यात कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते गेलं की राहिलं हे कळायला काही मार्ग नव्हता. पण शिव्या राहिल्या. मेल्या, मुडद्या, सटवे. एकदम ठणठणीत. मी घाबरलो. डॉक्टरला म्हटलं, हिचं डोकं फिरलं का? डॉक्टर म्हणाला, आजोबा, बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि शिव्या दुसऱ्या जागी. तो कोपरा वाचलाय. मी म्हटलं, तोच वाचला ते बरं झालं, तिचा निम्मा संसार त्याच कोपऱ्यातून चालायचा.

खोटं नाही सांगत. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आत्याने मांडवात सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून म्हटलेलं, "अगं, हा तर डांबर आहे." मी आहेच तसा. चिपळूणकडच्या माझ्या गावातसुद्धा मला काळू म्हणायचे. आत्याचं ऐकून मी मान खाली घातली. तर नवरीमुलगी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "डांबर तर डांबर. रस्ता तरी पक्का होईल." सगळा मांडव हसला. मग जन्मभर ती मला डांबऱ्याच म्हणत आली. मंडपाचा कंत्राटदारही मला काळ्या म्हणायचा, पण त्याने म्हटलं की अंगाची आग व्हायची, आणि हिने म्हटलं की मी बाजारात निघालो तरी परत फिरून विचारायचो, आणखी काय आणू. असं का, हे मला कोणी शिकवलं नाही आणि मलाही कुणाला शिकवता येणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं.

माझं काम मंडपाचं. बांबू पुरायचे, सुतळी आवळायची, कनात लावायची, गाद्या टाकायच्या. कल्याण, उल्हासनगर, तिकडे ठाण्यापर्यंत. लग्नं, सत्यनारायण, गणपती आणि सगळ्यात जास्त पुढाऱ्यांच्या सभा. सभा चालू असते तेव्हा मंडपवाला कनातीच्या मागे बसून राहतो, कारण वारा आला तर कापड धरायला माणूस लागतो. त्यामुळे आयुष्यभर मी पुढाऱ्यांची भाषणं मागून ऐकली. तुम्ही त्यांची तोंडं बघितलीत, मी पाठी बघितल्या. स्टेजवर "माझ्या माताभगिनींनो" म्हणणारा माणूस मागे येऊन पाण्याची बाटली उघडता उघडता त्याच भगिनींबद्दल काय बोलतो, ते मी ऐकलंय. आणि उलटंही ऐकलंय. परप्रांतीयांना हाकला म्हणून नरडं फाटेस्तोवर ओरडून मागे आलेला माणूस आपल्या जौनपूरच्या ड्रायव्हरला विचारतो, "बच्चे का बुखार उतरा क्या रे?" आणि खिशातून औषध काढून देतो. म्हणून कुणी मला म्हटलं की पुढारी खोटं बोलतात, तर मी लगेच मान हलवत नाही. आणि खरं बोलतात म्हटलं तर मुळीच नाही.

आमच्या भागातला जो नगरसेवक होता, आणि ज्याला परत व्हायचंय, तो तर माझ्या गाद्यांवर उड्या मारून मोठा झालेला. आई चार घरची धुणीभांडी करायची, बाप असून नसल्यासारखा. हे पोरगं दिवसभर आमच्या गोडाऊनमध्ये. कनातीला दात लावून भोकं पाडायचा. माझी बायको हातात लाटणं घेऊन मागे धावायची आणि संध्याकाळी त्यालाच जेवायला बसवायची. पुढे तो भाषणं करायला लागला. त्याने जेवढ्या वेळा पक्ष बदलला तेवढ्या वेळा मी त्याच्या स्टेजचं कापड बदललं. मी बायकोला म्हणायचो, तुझा लाडका आज परत खोटं बोलला. ती म्हणायची, "बोलताना त्याला ते खरंच वाटतं हो. बोलून झालं की विसरतो. तुम्ही विडी सोडतो म्हणता तेव्हा काय वेगळं असतं?" तेव्हाही माझ्या खिशात विडीचं बंडल असायचं.

आता वरच्या खोलीतल्या बाईचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

आमची बिल्डिंग शहाड स्टेशनजवळ, जुनी, दोन मजली. मी खालच्या खोलीत पागडीवर. वरची एक खोली मालकाने मिझोरामच्या एका बाईला भाड्याने दिलेली. पस्तिशीची असेल. कल्याणात पार्लरमध्ये कामाला. नवरा तिकडे डोंगरात गाडी चालवतो, नाताळला भेटतात. आमचा तिचा काही संबंध नव्हता. जिन्यात दिसली की ती हसायची, मी खाकरायचो.

बायको आजारी पडल्यावर एक दिवस ती धाडधाड जिना उतरून दारात उभी. डोळे मोठे करून म्हणाली, "अंकल, आंटी को मारते हो क्या?" मला कळेना. मग कळलं. वर तिला दिवसभर आमच्या घरातून आरडाओरडा ऐकू यायचा, मेल्या, मुडद्या, आणि तिला वाटलेलं म्हातारा बायकोला बडवतोय. मी म्हटलं, आत ये आणि बघ कोण कुणाला मारतंय. ती आत आली. बायकोकडे बघत उभी राहिली. बायकोचे केस कमरेएवढे, पण पडून पडून त्यांचा नुसता गुंता झालेला, मला तो सोडवता येत नव्हता आणि कापायला माझा हात होत नव्हता. ती तशीच वर गेली, प्लॅस्टिकचा कागद, पाण्याचा मग आणि शाम्पू घेऊन आली. बायकोला कॉटवरून न हलवता तिने ते केस धुतले, बोटांनी गुंता सोडवला, एक केस तोडला नाही. मग वेणी घातली. बायकोने डावा हात उचलून तिच्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "सटवे."

"सटवे मतलब?" तिने मला विचारलं.

काय सांगणार? म्हटलं, "मतलब बेटी."

"और मेल्या?"

"मेल्या म्हणजे... आपला माणूस. जवळचा."

तिने मान डोलावली, एखादं औषध कसं घ्यायचं ते लक्षात ठेवावं तशी. त्यानंतर पार्लर बंद असेल त्या मंगळवारी ती खाली यायची. केस धुवायची आणि दोघी भांडायच्या. बायको म्हणायची, सटवे. ती म्हणायची, हां आंटी, सटवे, उधर देखो, सटवे. बायको हसायची, तोंडाच्या डाव्या बाजूने. मी चहा करायचो. घरात कधीतरी एवढं हसणं असायचं की लोकांना वाटावं इथे कोणी आजारी नाही. मराठी ती माझ्या बायकोकडून शिकली, आणि माझ्या बायकोकडे तेव्हा जेवढी मराठी उरलेली तेवढीच शिकली.

श्रावण लागायच्या आधी बायको गेली. शेवटची वेणी त्या बाईनेच घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर काही पोरांनी तिला छेडलं. ए चिंकी, ए मोमो, हे रोजचंच होतं, ती खाली मान घालून निघून यायची. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ती थांबली, वळली आणि म्हणाली, "नाम है मेरा. नाम पूछो." बस, एवढंच. पण कुणीतरी मोबाईलवर काढलं आणि ते सगळीकडे फिरलं. आधी समोरच्या पक्षाने निषेध केला. मग आमच्या नगरसेवकाला जाग आली. निषेधावर निषेध करून काय मिळणार, म्हणून त्याने थेट सत्कारच ठेवला. चौकात स्टेज, शाल, नारळ, आणि त्या पोरांतल्या एकाला धरून आणून जाहीर माफी.

मी आता काम करत नाही, पण मंडपवाली पोरं माझ्याच हाताखालची. मी सवयीने कनातीमागे जाऊन बसलो. फ्लेक्सवर तिचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, नेपाळची भगिनी. मी एका पोराला म्हटलं, अरे, ती मिझोरामची. तो म्हणाला, काका, छापून झालंय.

भाषण मात्र चांगलं केलं हो त्याने. मागून ऐकूनही चांगलं वाटलं. म्हणाला, माणसाच्या तोंडावरून, रंगावरून त्याला हाक मारणाऱ्याला या वॉर्डात जागा नाही. म्हणाला, घाणेरडा शब्द हा हातातल्या दगडासारखाच असतो. टाळ्या पडल्या. मी त्याच्या टाचांकडे बघत होतो. खोटं बोलताना तो टाचा उचलतो, लहानपणापासून, लाटण्याच्या धाकाने उभा राहायचा तेव्हापासून. त्या दिवशी कधी उचलल्या, कधी टेकवल्या. मला नीट ठरवता आलं नाही.

मग त्याने शाल घातली आणि माईक तिच्या हातात दिला. म्हणाला, ताई, दोन शब्द. ती घाबरलेली. तिला वाटलं, एवढा मान दिलाय, तर यांच्या भाषेत बोलावं. आभार मानावेत, आपलं मानावं. तिला जेवढी मराठी येत होती तेवढी तिने गोळा केली आणि नगरसेवकाकडे बघून, दोन्ही हात जोडून, गोड आवाजात म्हणाली, "थँक यू, मेल्या."

कुठेतरी एक रिक्षा हॉर्न देत होती तेवढीच. मग मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि सगळा चौक हसायला लागला. तोही हसला. माईक घेऊन म्हणाला, बघा, बहिणीने हक्काने शिवी दिली. परत टाळ्या.

मग तो कनातीमागे आला. तोंड लाल. मी अंधारात बांबूला टेकून बसलेलो, त्याला दिसलो नाही. आपल्या माणसाला म्हणाला, "त्या चिंकीला माईक कोणी दिला रे?"

त्यानेच दिलेला.

दोन दिवसांत तो व्हिडीओ पहिल्या व्हिडीओपेक्षा जास्त फिरला. त्याची कार्यकर्ती पोरं चिडली. नेत्याला भर चौकात मेल्या म्हणते म्हणजे काय? बिल्डिंगखाली मोटारसायकली लावून उभी राहायला लागली. काही केलं नाही त्यांनी, नुसती उभी राहायची आणि वर बघायची. आमचा घरमालक घाबरट माणूस, वाईट नाही. त्याचं खाली किराणा दुकान. तो वर गेला आणि तिला म्हणाला, महिनाअखेर खोली खाली कर, मला लफडं नको. तिने विचारलं, मैंने क्या किया? तो म्हणाला, तू काही नाही केलंस, म्हणूनच प्रेमाने सांगतोय.

ती माझ्याकडे आली. कॉटवर बसली, बायको जिथे पडून असायची तिथेच. म्हणाली, "अंकल, मेल्या गाली है?"

मी म्हटलं, "आहे. आणि नाही पण."

"आपने बोला था अपना आदमी."

"तिने म्हटलं की अपनाच होतं. माझ्याकडे बघ, एवढी वर्षं तेच ऐकत आलोय."

ती रडली नाही. म्हणाली, कल्याणात खोली बघितली, तोंड बघून नाही म्हणाले. एकाने दाखवली ती संडासाच्या बाजूची. पार्लरवाली म्हणते, आपल्या गावाकडे जा. मला तेव्हा कळलं की ही गेली तर माझ्या बायकोला शेवटी ज्यांनी हसताना बघितलं त्या दोन माणसांतला एकटा मीच उरणार.

मी नगरसेवकाच्या ऑफिसात गेलो. तो आता राहतो घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, पण सकाळी इकडे बसतो. मला बघून उठला, पाया पडला, खुर्ची दिली. मी म्हटलं, "बहिणीला घराबाहेर काढतायत. तू मालकाला एक शब्द टाक."

"काका, मी काढायला सांगितलंय का? आई शप्पथ, मी कुणाला काही बोललो नाही."

"बोलला नाहीस हेच सांगायला आलोय. आता बोल."

तो खुर्चीत मागे रेलला. "काका, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. मी मध्ये पडलो तर माझीच पोरं म्हणतील, शिवी खाल्ली आणि वर खोली दिली. आणि मालकाच्या मागे अख्ख्या आळीची मतं. निवडणूक तोंडावर आलीय."

"मग स्टेजवर ते सगळं कशाला बोललास?"

"तेव्हा वाटत होतं ना, काका."

मला राग यायला पाहिजे होता. पण तो हे असं म्हणाला, डोळे खाली घालून, की मला बायकोचंच बोलणं आठवलं आणि राग निम्मा झाला. म्हटलं, "आता का वाटत नाही?"

"इथे कोण आहे ऐकायला?" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग नेहमीचं म्हणाला, "बघतो."

बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. परत येताना उन्हात चालत आलो आणि त्याचंच वाक्य डोक्यात. इथे कोण आहे ऐकायला. अरे, मग ऐकणारे आणून बसवू. मी आयुष्यभर दुसरं काय केलं?

पितृपक्ष आलेला. त्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशी गेलेल्या बाईचा तो दिवस. एका सवाष्णीला बोलवायचं, जेवायला घालायचं, ओटी भरायची, साडी द्यायची. मी ठरवलं, सवाष्ण म्हणून वरच्या बाईला बोलवायचं. आळीला बोलवायचं. मालकाला बोलवायचं. आणि त्याला.

स्वयंपाकाला माझी मेहुणी आली, बायकोची धाकटी बहीण, डोंबिवलीहून. सवाष्ण कोण ते ऐकून तिने हातातली अळूची पानं खाली ठेवली.

"भाऊजी, तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही."

"बोटात अंगठी आहे."

"कुंकू लावत नाही. देव वेगळा तिचा."

"नवरा जिवंत आहे ना? मग झाली सवाष्ण. आणि तुझ्या ताईचे केस कोणी धुतले? तू आलीस तेव्हा नाकाला पदर लावून बसलेलीस."

मेहुणी फणकारली. "ताईच तुम्हाला बरोबर बोलायची." पण पानं परत चिरायला घेतली.

वरचीला सांगितलं तर ती म्हणाली, "अंकल, ये भूत का खाना है क्या?" म्हटलं, तुझ्या आंटीचं जेवण आहे. मग ती हो म्हणाली. साडी मी कल्याणहून आणली, हिरवी, जांभळ्या काठाची. बायकोला हिरवा रंग आवडायचा नाही, पण दुकानात उभा राहिलो आणि दुसरं काही सुचेना.

बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मी स्वतः कनात बांधली. पोरं म्हणाली, काका, आम्ही लावतो. मी लावू दिली नाही. कोण कुठे बसणार तेही मीच ठरवलं. स्टेज म्हणजे फळ्या नव्हेत. जिथे बसलेल्या माणसावर सगळ्यांचे डोळे आपोआप येतात ती जागा म्हणजे स्टेज. तिथे मी त्याचा पाट मांडला. त्याच्या समोर मालकाचा. बाजूला सवाष्णीचा.

तो आला. खरं सांगायचं तर मला वाटलं नव्हतं. पांढरा सदरा, हात जोडून, पाच मिनिटांत निघायच्या बेताने. पण मेहुणी दारातच परडी घेऊन उभी. म्हणाली, "पितरांच्या पानावर मोबाईल चालायचा नाही. सगळ्यांनी इथे ठेवा." ही तिची स्वतःची पद्धत, मी सांगितलेली नाही. त्याने एकवार परडीकडे बघितलं, एकवार तिच्याकडे, आणि ठेवला. मालकाने ठेवला. नगरसेवकाची मोटारसायकलवाली पोरं बरोबर आलेली, त्यांनीही ठेवले.

वरची बाई ती हिरवी साडी नेसून आली, मेहुणीने नेसवलेली. पानावर बसल्यावर तिने डोळे मिटून आपल्या देवाचं काहीतरी पुटपुटलं आणि मग खिरीला हात लावला. आळीच्या बायका बघत होत्या. मग जेवायला लागल्या. वडे गरम होते.

अर्धं जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं, "तुझ्या काकूबद्दल दोन शब्द बोल."

बोल म्हटल्यावर न बोलणारा पुढारी अजून मी बघितला नाही. तो उष्ट्या हाताने उभा राहिला. सुरुवात नेहमीचीच, काकू म्हणजे मायेचा सागर वगैरे. मग थांबला. म्हणाला, "मी कनात फाडायचो. काकू लाटणं घेऊन यायच्या. आणि संध्याकाळी हाक मारायच्या, ए मेल्या, जेवून जा. माझ्या बापाने मला कधी जेवायला हाक मारली नाही. मेल्या म्हणूनच मला कुणीतरी पहिल्यांदा पोटभर घातलंय." त्याने वरच्या बाईकडे बोट केलं. "हिने तो शब्द माईकवर म्हटला तेव्हा मला राग आला. तुम्हाला वाटलं मी हसलो. मी हसलो नाही. राग आला, आणि आत जाऊन मी पण एक शब्द बोललो. तो इथे सांगत नाही, काकूंचं पान आहे." मग तो मालकाकडे वळला. "ही आमची नेपाळची बहीण..."

"मिझोराम!" मेहुणी वाढता वाढता ओरडली. "मिझोरामची आहे ती. एवढंही कळत नाही का रे?"

सगळे हसले. "मिझोरामची," तो म्हणाला. "ही कुठे जाणार नाही. काय शेठ?"

शेठच्या तोंडात वडा होता. त्याने जोरजोरात मान हलवली. बाजूला बसलेल्या पोरांनीही हलवली, कारण नेत्याने म्हटलेलं.

मी त्याच्या टाचा बघायचा प्रयत्न केला. दिसल्या नाहीत, मध्ये भाताचं पातेलं होतं. आयुष्यभर त्याची पाठ बघितली, भाषण करतानाचं तोंड समोरून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तोंडावरून मला काही कळेना. डोळ्यांत पाणी होतं. पण पाणी स्टेजवरही यायचं त्याच्या. तो बसला, हात न धुताच परत जेवायला लागला, आणि मेहुणीला म्हणाला, "मावशी, भरड्याचे वडे आहेत का आणखी?" वरच्या बाईने आपल्या पानातला एक उचलला आणि त्याच्या पानात ठेवला. कुणाला सांगून नाही, सहज. तो खाऊन टाकला त्याने.

दुपारीच मालक वर गेला आणि तिला म्हणाला, राहा, आणि दिवाळीआधी नळ दुरुस्त करून घेऊ. नळ ती सहा महिने मागत होती. तो आता झाला दुरुस्त.

दुसऱ्या दिवशी नगरसेवकाचा फोन आला. "काका, काल कुणी व्हिडीओ काढला का हो?"

"नाही. सगळे फोन परडीत होते. तुझापण."

"हो, ते माहितेय. पण म्हटलं, एखाद्याने चोरून काढला असला तर..." मग हळूच, "चांगलं बोललो होतो ना, काका?"

"चांगलं बोललास."

"खरं सांगू? बोलताना मला वाटलं, काकू ऐकतायत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "तुम्ही मला मुद्दाम स्टेजवर चढवलंत ना? पाट बघूनच कळलं मला. मी पण मंडपातच वाढलोय."

"मग उठून का नाही गेलास?"

"वडे," तो म्हणाला. "पुढच्या नवमीला पण बोलवा. येतो."

आता तो येतो म्हणाला हे खरं की खोटं, याचा मी विचार करत बसत नाही. निवडणूक तोंडावर आहे, ती जिंकला तर कदाचित येणार नाही, हरला तर नक्की येईल. वरची पोरगी म्हणत आता आळीच्या बायका तिच्याकडे भुवया कोरायला जातात. मोटारसायकली येत नाहीत. तेवढं एका दिवसात झालं, आणि ते टिकवायला वर्षातून एकदा तरी त्या सगळ्यांना एका पंगतीला बसवावं लागणार, हे मला दिसतंय.

अडचण एकच आहे. ही नवमी बायकोची असली तरी ती नवरा आहे तोवरच करतात. मी गेलो की बंद. म्हणून मी विडी सोडलीय. या वेळी खरोखर. डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो, मीठ कमी केलंय. वरची बाई सकाळी जिन्यातून डोकावते आणि विचारते, गोली लिया क्या? मी म्हणतो, लिया. आणि घेतलेलीही असते.